पंधरा टक्के म्हणजे किती पोती?

काही वर्षांपूर्वी आम्ही चऱ्होली खुर्दला एका शेतावर गेलो होतो. सोबत महाविद्यालयातले काही विद्यार्थी आणि एक गुंडाळलेला तक्ता होता. कोरडवाहू शेतीच्या सुधारित पद्धतीने ज्वारीचे उत्पन्न किती वाढते, ते त्या तक्त्यावर दाखवले होते. आकडे जुन्या प्रयोगांतले होते, पण सल्ला आजही साधारण तोच दिला जातो : उताराला आडवी मशागत, बांध, विरळ पेरा, वेळेवर कोळपणी. आणि फळ म्हणजे पंधरा ते वीस टक्के जादा उत्पन्न. आमचे बोलून झाल्यावर बांधावर बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "टक्के राहू द्या साहेब. आमच्या सव्वा एकरात पोती किती वाढतील, तेवढं सांगा."

आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. मग विद्यार्थ्यांनी वहीत गणित मांडले. सव्वा एकर म्हणजे अर्धा हेक्टर. तक्त्यातले मूळ उत्पन्न हेक्टरी चार क्विंटल. म्हणजे अर्ध्या हेक्टरात दोनशे किलो. त्याचे वीस टक्के चाळीस किलो. मावशींनी क्षणभर विचार केला. "म्हणजे अर्धं पोतंसुद्धा नाही. आणि औताच्या दोन पाळ्या जादा घालायच्या, त्याचं भाडं?"

तक्ता गुंडाळून आम्ही परतलो. मृदाविज्ञानात इतकी वर्षे घालवूनही हे साधे गणित आपण कधी मांडून पाहिले नव्हते, याची थोडी शरमही वाटली. हा प्रश्न आपल्या आधी कुणाला पडला होता का, म्हणून जुनी पुस्तके काढली. तेव्हा लक्षात आले की तो शंभर वर्षांपूर्वीच पडला होता, आणि तोही चऱ्होलीहून फार दूर नसलेल्या एका गावात.

आधी या भागाचा पाऊस समजून घेऊ. इंद्रायणी लोणावळ्याच्या परिसरात उगम पावते. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला, चऱ्होली-आळंदीच्या परिसरापर्यंत येता येता, तो पुण्याच्या सातशे मिलिमीटरच्या जवळपास उतरतो; आणखी पूर्वेला शिरूरकडे त्याहूनही कमी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आय. आर. 8 यांच्या संकरातून काढलेल्या भाताला 'इंद्रायणी' हे नाव दिले. त्याच नदीच्या खालच्या अंगाला मात्र भात संपून बाजरी-ज्वारीचा मुलूख सुरू होतो. एका नदीच्या काठाने दिवसभर चालत गेले तर दोन-तीन हवामाने ओलांडावी लागतात, असा हा प्रदेश आहे. शिवाय सरासरी हा आकडा फसवा. शेतकऱ्याला सरासरी पाऊस कधीच मिळत नाही. त्याला मिळतो तो त्या वर्षीचा पाऊस.

ही गोष्ट ज्यांनी बारकाईने अभ्यासली त्यांत हॅरॉल्ड मॅन यांचे नाव आधी घ्यावे लागेल. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या शास्त्रावर काम करून ते 1907 साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. मुंबई इलाख्यातील दख्खनच्या पावसाचा आणि दुष्काळाचा 1865 ते 1938 असा दीर्घ आढावा त्यांनी पुढे, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, 1955 साली प्रसिद्ध केला. पण आपल्याला हवे आहे ते त्यांचे 1917 सालचे पुस्तक. पवनेच्या काठावरील पिंपळे सौदागर हे गाव निवडून मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली जमीन, विहिरी, पिके, जनावरे, कर्ज आणि घरखर्च यांची घरोघर मोजणी केली. सहकाऱ्यांत द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर आणि व्ही. ए. ताम्हणे ही मंडळी होती. कानिटकर आणि ताम्हणे ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. ती पुन्हा येणार आहेत.

जुन्या दप्तरांतून मॅन यांनी गावातील सरासरी धारणक्षेत्राचा इतिहास काढला. 1771 साली ते सुमारे 40 एकर होते. 1818 साली साडेसतरा, 1820 ते 1840 या काळात 14, आणि 1914-15 साली अवघे 7 एकर. तेव्हा 81 टक्के खातेदारांकडे दहा एकरांहून कमी जमीन होती, आणि 60 टक्के खातेदारांकडे तर पाच एकरांहूनही कमी. तीही एका ठिकाणी नव्हे. गावातल्या 156 खातेदारांची शेते सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांतले 463 तुकडे एका एकरापेक्षा लहान होते.

त्यानंतर मॅन यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. या जमिनीवर घर चालते का? 103 कुटुंबांचा जमाखर्च त्यांनी मांडला. निव्वळ जमिनीच्या उत्पन्नावर नीट चालणारी कुटुंबे निघाली 8. जमीन आणि बाहेरची मजुरी अशा दोन्हींवर कसेबसे भागणारी 28. उरलेली 67 कुटुंबे दोन्ही करूनही तुटीत होती आणि कर्जात उतरत चालली होती. बाहेरची मजुरी म्हणजे मुख्यतः खडकीचा दारूगोळा कारखाना. पुढे 1921 साली मॅन आणि कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे पाऊस कमी, जवळ कारखानाही नाही. तुटीतल्या घरांचे प्रमाण आणखी जास्त निघाले.

एरवी शेतीशास्त्रज्ञ एकराला किती पिकले ते मोजतो. मॅन यांनी घराला किती पुरले ते मोजले. आमच्या मते दख्खनच्या शेतीच्या अभ्यासातले हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल होते. दुर्दैवाने पुढच्या संशोधनात ते बरेचसे मागे पडले.

मागे पडण्याचे कारण वाईट नव्हते. पुढचा प्रश्नही तितकाच खरा होता : पावसाच्या पाण्यावरच शेती करायची तर त्यातले जास्तीत जास्त पाणी पिकाच्या कामी कसे आणायचे? पुण्याजवळ मांजरी येथे 1923 साली कोरडवाहू शेतीवर पद्धतशीर संशोधन सुरू झाले, ते ताम्हणे यांच्या हातून. 1933 साली सोलापूर आणि विजापूर येथे केंद्रे निघाली, पाठोपाठ हगरी, रायचूर आणि रोहतक येथे. कानिटकरांनी या सर्व कामाचे सार 1944 साली भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथात मांडले. म्हणजे ज्यांनी पिंपळे सौदागरला कर्जाच्या याद्या केल्या, त्याच माणसांनी मांजरीत मातीतला ओलावा मोजला.

हे शास्त्र वर्गात शिकवण्यासारखे आहे. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर किती पाणी पडते? मुलांना गणित करायला सांगावे. उत्तर सुमारे एक लाख लिटर येते. एका चांगल्या सरीत एवढे पाणी शेतावर येते. त्यातले काही वाहून जाते, काही उन्हाने उडते, काही तण पिते, आणि उरते ते पिकाचे. कोरडवाहू शेतीची सगळी विद्या या चार वाटांच्या मध्ये उभी आहे. बांध घालून आणि आडवी मशागत करून पहिली वाट अडवायची. कोळपून वरचा थर भुसभुशीत ठेवला की जमिनीच्या भेगा बुजतात, तणही जाते. दुसरी आणि तिसरी वाट अरुंद होते. रब्बी ज्वारी तर जवळजवळ सगळी साठलेल्या ओलीवरच वाढते. पेरणीनंतर पाऊस पडेलच असे नाही. जमीन ही भरून ठेवलेली टाकी समजा. रोपे दाट असली तर ती टाकी लवकर रिकामी करतात आणि कणीस भरायच्या वेळी पाणी संपते. म्हणून ओळींतले अंतर वाढवायचे, बियाणे कमी टाकायचे. खोल नांगरट दर वर्षी नको, तीन वर्षांतून एकदा पुरे. शेणखत मात्र हवेच.

यातले पुष्कळसे शेतकऱ्याला माहीत होते. दख्खनचा शेतकरी नांगर फारसा धरत नसे. त्याचा भर कुळवावर असे. शास्त्रज्ञांनी त्या व्यवहाराला मोजमाप दिले, कारण दाखवले आणि सगळे एकत्र बांधले. त्या काळी हेक्टरी दोनशे ते चारशे किलो ज्वारी पिकत असे. सुधारित पद्धतीने त्यात 15 ते 20 टक्के भर पडली. आमच्या तक्त्यावरचा आकडा इथूनच आला होता.

आता मावशींचे गणित पाच एकरांच्या खातेदाराला लावून पाहू. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. चांगले मूळ उत्पन्न धरले तर आठ क्विंटल. वीस टक्के वाढ म्हणजे 160 किलो. एका माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे धरले तर वर्षाला सुमारे 180 किलो होतात. म्हणजे सारी विद्या काटेकोर वापरून, पाऊसही बरा झाला तर, घरातल्या एका माणसाची वर्षाची भाकरीसुद्धा पूर्ण सुटत नाही. आठवड्याला दोन दिवस उपाशी राहणाऱ्या घरात हे थोडे नाही, हे आम्ही मान्य करतो. पण मॅन यांच्या तिसऱ्या गटातले कुटुंब त्याने दुसऱ्या गटात जात नाही.

याची दुसरी बाजू पाहायची तर अमेरिकेकडे पाहावे लागते. कोरडवाहू शेतीची चळवळ तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोरात होती. दक्षिण डाकोटातील हार्डी वेबस्टर कॅम्पबेल यांनी खालची माती दाबायची आणि वरची भुसभुशीत ठेवायची पद्धत आणि तिला लागणारे औजार काढले. 1907 साली डेन्व्हरला या विषयावर मोठी परिषद भरली. तिथला शेतकरी निम्मी जमीन वर्षभर पडीक ठेवून दोन वर्षांचा ओलावा एका पिकाला देई. त्यासाठी जमीन लागते, म्हणून 1909 च्या कायद्याने वसाहतीला जाणाऱ्या कुटुंबाला कोरड्या मुलखात 320 एकर मिळण्याची सोय केली. 320 एकर म्हणजे सुमारे 130 हेक्टर. हिशेबापुरते आपल्याकडचेच उत्पन्न धरले तरी वीस टक्के वाढ दहा टनांवर जाते. (तिथेही सगळे सुखात होते असे नाही. पुढच्या दुष्काळांत हजारोंनी घरे सोडली, आणि 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांत या भुसभुशीत थरानेही हातभार लावला.) एकच शास्त्र, पण 320 एकरवाल्याला ते भांडवल देते आणि पाच एकरवाल्याला दीड पोते. पिंपळे सौदागरच्या शेतकऱ्याला निम्मी जमीन पडीक ठेवायला सांगणे तर क्रूर थट्टाच ठरली असती.

शिवाय त्या दीड पोत्याचा खर्च वेगळा. पाऊस उघडल्यावर जमीन वापशावर येते ते चार-सहा दिवस. त्या दिवसांत ज्याच्या दारात बैल आहेत तो आपले शेत आधी कोळपतो. ज्याने बैल भाड्याने आणायचे त्याची पाळी नंतर येते, तोवर ओल उडालेली असते. विरळ पेऱ्याने कणीस भरते, पण शेतकऱ्याला कडबाही हवा असतो. जनावराच्या पोटाचा हिशेब तक्त्यात नसतो. आम्ही शास्त्रज्ञ 'शेतकरी सुधारणा स्वीकारत नाही' असे लिहून मोकळे होतो. पुष्कळदा त्याने आपल्या परीने गणित करून पाहिलेले असते.

बांधांचेही तसेच. मुंबई सरकारने 1942 साली जमीन सुधारणा योजना कायदा केला आणि समपातळीवर बांध घालण्याचे काम मोठ्या क्षेत्रावर सुरू झाले. मध्यम आणि हलक्या जमिनीत त्याचा उपयोग झाला. खोल काळ्या जमिनीत मात्र पाणी मुरायला वेळ लागतो. बांधाच्या वरच्या अंगाला ते तुंबे आणि पीक पिवळे पडे. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते, त्यामुळे बांध फुटत. त्याहून अवघड गोष्ट भूमितीची होती. समपातळीचा बांध जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळतो. वाटण्यांनी पडलेले बांध कुणाच्या तरी आजोबांच्या इच्छेप्रमाणे सरळ जातात. पाऊण एकराच्या पट्टीतून नवा बांध आडवा गेला की मालकाची पिकती जमीन जाते आणि पाणी अडते ते शेजाऱ्यासाठी.

मग तुकडे जोडावेत, हा उपाय सुचतोच. 1947 साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. पण तुकड्यांनाही एक कारण असते, हे सांगायला हवे. भावाभावांत वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला काळ्या रानात थोडे, माळावर थोडे, ओढ्याकाठी थोडे दिले जाते. पाऊस कमी झाला तर खोल जमीन काही देते, जास्त झाला तर निचऱ्याचा माळ. लहान शेतकऱ्याचा तो विमाच आहे. हप्ता मात्र महाग.

या सगळ्या इतिहासात एक सुधारणा अशी निघाली की जिला ना बैल जादा लागले, ना शेजाऱ्याची संमती. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'मालदांडी 35-1' हा वाण काढण्यात आला. साठलेल्या ओलीवर तग धरणारा, भाकरीला चांगला आणि कडब्याला उत्तम. 1964 साली संकरित ज्वारी आली आणि खरिपात तिने क्रांती केली, पण रब्बीच्या रानातून मालदांडीला ती हलवू शकली नाही. आता राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगवेगळे वाण दिले आहेत : हलक्या जमिनीला फुले माऊली आणि फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. विखुरलेल्या तुकड्यांच्या मालकाला हे सोयीचे आहे. एकाच घरात दोन वाण पेरता येतात. बी पुढच्या वर्षासाठी घरचेच ठेवता येते, हेही खर्चाच्या बाजूने महत्त्वाचे.

दुसरा मार्ग पाण्याच्या वाटपाचा. 1972 च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानची 40 एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणलोटाचे काम केले, आणि 1974 साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले. बांध, पाझर तलाव, विहीर यांत नवे असे काही नव्हते. नवे होते ते पाणी पंचायतीचे नियम. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल : माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा.

मॅन यांनी 'घराला किती पुरते' असा प्रश्न विचारला होता. पाणी पंचायतीने नियमच घराच्या मापाने केले. मावशींचे कुटुंब पाच माणसांचे असेल तर अशा योजनेत त्यांच्या सव्वा एकरालाही पूर्ण पाणी मिळाले असते. एक-दोन संरक्षित पाणी मिळाले की कोरडवाहू पिकाचे उत्पन्न पंधरा-वीस टक्क्यांच्या मापात राहत नाही. अर्थात हे नियम पाळणे जड जाते. उसाचा मोह मोठा असतो, विजेचे बिल थकते, आणि सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. उलट बाजूचे उदाहरण अलीकडच्या शेततळ्यांचे. पावसाचे वाहते पाणी धरायला ती उत्तम. पण काही ठिकाणी प्लास्टिक अंथरून, विहिरीचे पाणी उपसून ती भरली जातात. ज्याच्याकडे पंप आणि पैसा आहे त्याची बाग जगते आणि शेजारची विहीर लवकर आटते.

तिसरा मार्ग मॅन यांच्या पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने सांगितला होता. 1918 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारे हात, भांडवल आणि औजारे यांच्याशी त्याचे प्रमाण कसे आहे, यावर ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. शेतीवर रिकामा पडलेला माणूसबळाचा भार उद्योगांकडे वळल्याखेरीज नुसते तुकडे जोडून भागणार नाही, असे त्यांनी मांडले.

पिंपरी-चिंचवडमध्ये पुढे तेच घडले, थोड्या वेगळ्या रीतीने. 1954 साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने आले. आंबेडकरांच्या विचारात माणसे कारखान्यात जाणार होती आणि शेती उरलेल्यांसाठी सुधारणार होती. इथे माणसे गेली आणि पाठोपाठ जमीनही गेली. मॅन यांनी मोजलेल्या पिंपळे सौदागरच्या तुकड्यांवर आज दहा-बारा मजली इमारती आहेत. चऱ्होली बुद्रुक 1997 साली महानगरपालिकेत आले. तिथेही बांधकामे वाढत आहेत. इंद्रायणीच्या पलीकडे, खेड तालुक्यातल्या चऱ्होली खुर्दमध्ये अजून ज्वारी दिसते. ती करणाऱ्या घरांतले कुणी ना कुणी कारखान्यात कामाला असते. मॅन यांचा दुसरा गट तो हाच.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या गावातल्या, ओळखीच्या दहा-पंधरा घरांचा असा हिशेब मांडावा. नावे लिहू नयेत, घराला नुसता क्रमांक द्यावा, आणि घरच्यांची परवानगी घेऊनच विचारावे. जमीन किती, किती तुकड्यांत, कोणत्या खोलीची. गेल्या तीन वर्षांत काय पिकले, किती घरी खाल्ले, किती विकले. बाहेरून किती मिळकत आली. मग मॅन यांच्या तीन गटांत घरे बसवून पाहावीत. त्यानंतर एकेक सुधारणा घेऊन, नवे बी, बांध, एक संरक्षित पाणी, तिच्यामुळे कोणते घर गट बदलते ते तपासावे. उत्तर टक्क्यांत नको, किलोत हवे. आमच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न मावशींकडून घेतलेला आहे : जादा पाळीसाठी औत कुणाचे, आणि त्याचे भाडे किती?